सतरा सप्टेंबरचं उद्घाटन

लातूरच्या क्लायंटनं उद्घाटनाची तारीख धरली आजची. म्हटलं, "साहेब, मुक्तिसंग्राम दिन आहे. १९४८ साली आजच्याच दिवशी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला, म्हणून आजची सकाळ झेंडावंदनाची, सगळे फोटोग्राफर तिकडंच." ऐकतंय कोण! मुहूर्त होता म्हणे. पत्रकारांसाठी बारा खुर्च्या, आले दोघं. त्यातला एक जाहिरातीचं बिल मागायला.

संध्याकाळी पेपरच्या डेस्कवरच्या दादांना फोन लावला. "बाळा, तुझ्या प्रेसनोटमध्ये मान्यवर अकरा अन् बातमी शेवटच्या ओळीत. किती पोरांना काम मिळणार, ते वर घे की."

बसस्टँडवर चहा पित मोबाईलवरच नोट पुन्हा लिहिली. 'भव्यदिव्य' उडवलं, अकरातले नऊ मान्यवर उडवले. (नऊ वर्षं झाली या धंद्यात, तरी हे दुसऱ्यानं सांगावं लागतं.) साडेनऊला दादांचा मेसेज: "आता कसं!"

क्लायंट मात्र विचारतोय, माझं नाव तिसऱ्या ओळीत कसं काय गेलं?