जुन्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला सुटी पॉवर कॉर्ड: माझा अनुभव

अ‍ॅम्प ब्रिटिश बनावटीचा, १९६० च्या आसपासचा, स्टिरिओ. आउटपुटला चार ईएल८४ व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या), रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह) जीझेड३४. मागच्या पत्र्यातून दोन तारांची रबरी केबल थेट आत शिरते आणि ओढली जाऊ नये म्हणून आतून तिला गाठ मारलेली. ग्रोमेटपाशी (पत्र्याच्या भोकातल्या रबरी कड्यापाशी) रबर इतकं कडक झालं होतं की बोटाने जरा वाकवलं तरी कवच गळून तांबं दिसायचं. तशीच नवी केबल टाकली असती तर काम पंधरा मिनिटांचं होतं. पण कॉम्प्युटरला लागते तशी सुटी कॉर्ड लावायची म्हणजे तिसरी पिन आली, आणि मग खरं काम अर्थिंगचं. भोक पाडणं त्यातला सोपा भाग.

स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी व्हॉल्व्हवरचे नंबर वाचा. ईसीसी८३, ईएल८४, जीझेड३४ अशी नावं असतील आणि आत मेन्स (भिंतीतल्या विजेचा) ट्रान्सफॉर्मर असेल, तर पुढे जा. यूसीएल८२, यूएल८४, यूवाय८५ अशी ‘यू’ने सुरू होणारी नावं दिसली तर थांबा. त्या सेटमध्ये फिलामेंट (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारा) सिरीजमध्ये असतात, ट्रान्सफॉर्मर बहुधा नसतो आणि चॅसी (धातूचा सांगाडा) थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते. तिला अर्थ जोडलंत तर पिन उलटी बसली की फेज आणि अर्थ शॉर्ट. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी मिळणाऱ्या रेडिओंत असे बरेच निघतात. त्यांना हा बदल लागू नाही.

दुसरं, व्होल्टेज सिलेक्टर, म्हणजे अ‍ॅम्प किती व्होल्टवर चालवायचा ते ठरवणारी कळ. माझा २२० वर होता. पुण्यात घरी मीटरवर २३५ ते २४० दिसतं, म्हणून २४० वर आणला. अमेरिकन ११७ व्होल्टचा अ‍ॅम्प असेल तर सुट्या कॉर्डचा सॉकेट मुळीच बसवू नका. घरातला कोणीही मॉनिटरची कॉर्ड खुपसून थेट २३० देईल, आणि ट्रान्सफॉर्मर गेला तर तसा परत मिळणार नाही.

प्लग काढून ठेवला तरी फिल्टर कपॅसिटरवर तीनशे-साडेतीनशे व्होल्ट तग धरून बसतात. मी १० के (किलोओहम), ५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर दोन इन्सुलेटेड क्लिपांमध्ये जोडून ठेवलाय. एक क्लिप चॅसीला, दुसरी कपॅसिटरच्या प्लसला. ५० मायक्रोफॅरडला तीन सेकंद पुरतात, मी दहा मोजतो आणि मग मीटर लावून पाच व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करतो. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढायची हौस कपॅसिटरला मानवत नाही.

सामान पुण्यातल्या तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची गल्ली) एका फेरीत मिळालं: स्क्रूने बसणारा सी१४ इनलेट (सुटी कॉर्ड खुपसायचा तीन पिनांचा सॉकेट), ६.३ मिमीचे स्पेड (इनलेटच्या टॅगवर सरकवायची चपटी टोकं), ०.७५ चौ. मिमीची तपकिरी आणि निळी वायर, १ चौ. मिमीची हिरवी-पिवळी, एम४ चा बोल्ट, दातेरी वॉशर, दोन नट, रिंग लग (वायरच्या टोकाला लावायचं कडं), हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). फ्यूज आणि स्विच एकत्र असलेला इनलेट घ्यायचा मोह टाळा. त्याला जवळजवळ दुप्पट उंचीचं भोक लागतं आणि मूळ फ्यूज होल्डर शोभेला उरतो. दाबून बसवायचा इनलेटही नको. त्याचे कान ठरावीक जाडीच्या पत्र्यासाठीच असतात. कॉर्ड तिथेच मीटर लावून तपासा. प्लगला पिना तीन आणि केबलमध्ये तारा दोनच, असा माल मिळतो.

भोकाचं माप साधारण २७ बाय २० मिमी, दोन स्क्रूंमध्ये ४० मिमी. तरी हातातला इनलेट कॅलिपरने मोजूनच आखणी करा. आतली खोली आधी बघा: स्पेड धरून ३५ मिमी जागा लागते, आणि माझ्या पहिल्या आखणीमागे नेमका चोक (लोखंडी गाभ्याची जड कॉइल) होता. मग मागे प्रीअ‍ॅम्पसाठी असलेला जुना, न वापरलेला सॉकेट काढला आणि त्याचंच भोक कानशीने वाढवलं. नवा पत्रा कापावा लागला नाही. पॅनेलला हातच लावायचा नसेल, तर ग्रोमेटमधून वीतभर नवी तीनपदरी केबल काढून तिच्या टोकाला सुटा सी१४ लावता येतो. दिसायला शेपटी, पण सुरक्षित. आतून केबल क्लॅम्प मात्र हवा, गाठ नको.

धातूचा कीस हा या कामातला छुपा शत्रू. व्हॉल्व्ह काढून ठेवले, ट्रान्सफॉर्मरवर पिशवी बांधली, भोकाच्या आतल्या बाजूला रुंद चिकटपट्टी लावली आणि ड्रिलला ग्रीस. नंतर चुंबक फिरवला, तरी टॅगबोर्डच्या (सुटे भाग सोल्डर केलेल्या पट्टीच्या) खाली दोन चकाकणारे तुकडे सापडलेच.

आता अर्थ. इनलेटजवळ ४.२ मिमीचं स्वतंत्र भोक. त्याभोवती रुपयाएवढा भाग आतून एमरी पेपरने घासून लखलखीत केला, कारण रंग आणि गंज दोन्ही वीज अडवतात. बोल्ट बाहेरून आत, मग दातेरी वॉशर, रिंग लग, नट आणि वर दुसरा नट. लग आधी दाबून, मग सोल्डर. ट्रान्सफॉर्मरचा बोल्ट वापरायचा शॉर्टकट घेऊ नका. तो थरथरीने सैल होतो, शिवाय कोणी ट्रान्सफॉर्मर काढला की अर्थही सुटतो. हिरवी वायर बाकी दोन वायरींपेक्षा लांब ठेवली, म्हणजे ओढ बसलीच तर ती शेवटी तुटेल.

इनलेटच्या मागे ‘एल’ आणि ‘एन’ कोरलेलं असतं, त्यावरच भरवसा ठेवा. समोरून आणि मागून बाजू उलटतात. फेज फ्यूज होल्डरच्या आतल्या टोकाच्या टॅगला, तिथून स्विच, मग प्रायमरी (ट्रान्सफॉर्मरची मेन्सकडची कॉइल). न्यूट्रल थेट प्रायमरीला. माझ्यात मूळ स्विच न्यूट्रलवर निघाला. दोन पिनांच्या जमान्यात प्लग कसाही बसायचा, त्यामुळे कुणाला फरक पडत नव्हता. अ‍ॅम्प साधारण ११० वॅट खातो, म्हणजे अर्धा अँपिअर. सुरुवातीचा झटका धरून १ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज टाकला.

मेन्सची एक तार आणि चॅसी यांच्यामध्ये ०.०४७ मायक्रोफॅरडचा मेणकट कपॅसिटर होता. तो काढलाच पाहिजे. तो धड असतानाही २३० व्होल्टला त्यातून सुमारे ३.४ मिलिअँपिअर वाहतात. चॅसीला हात लावल्यावर येणाऱ्या मुंग्या त्याच्याच. तो शॉर्ट झाला तर चॅसीवर अख्खं २३०. अर्थ आल्यावर त्याची गरज उरत नाही.

चाचणी: प्लगच्या अर्थ पिनपासून चॅसीवरच्या कुठल्याही उघड्या धातूपर्यंत मीटरच्या वायरींचा रोध वजा करून ०.१ ओहम आला. मग स्विच चालू ठेवून फेज-न्यूट्रल जोडले आणि त्या जोडीपासून चॅसीपर्यंत ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजणारा मीटर) लावला. २० मेगओहमच्या वर. माळ्यावर पावसाळे काढलेला ट्रान्सफॉर्मर १ च्या खाली दाखवू शकतो. खोक्यात ६० वॅटचा बल्ब लावून रात्रभर शेकवा आणि पुन्हा मोजा. नंतर १०० वॅटचा साधा तारेचा बल्ब सिरीजमध्ये घेऊन, जीझेड३४ न लावता, स्पीकर जोडून चालू. बल्ब चमकून मंदावला तर ठीक, पूर्ण उजळत राहिला तर कुठेतरी शॉर्ट. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही.

भिंतीतला अर्थ खरा आहे का हेही बघा. पेठेतल्या जुन्या वाड्यांत बोर्डावर तिसरं भोक असतं, मागे तार नसते. फेज-अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट आले पाहिजेत. पण मीटर जेमतेम करंट घेतो, त्यामुळे लोंबकळणारी तारही त्याला कधी फसवते. शंका आली तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थ तपासून घ्या.

सगळं जमल्यावर नवी घरघर आली: तीन पिनांच्या चार्जरवरचा लॅपटॉप आणि अ‍ॅम्प, दोघांचे अर्थ वेगवेगळ्या बोर्डांवरून. दोन्ही एकाच एक्स्टेंशनवर आणल्यावर ती जवळपास गेली. राहिलीच असती तर लॅपटॉपच्या वाटेत ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला असता. घरघर घालवायला प्लगची अर्थ पिन काढणारे महाभाग भेटतात. त्यांच्या अ‍ॅम्पला हात लावू नका.

काढलेला कपॅसिटर आणि जुनी केबल पिशवीत घालून, चिठ्ठीवर जोडणीचं रेखाटन काढून तळाच्या पत्र्याला आतून चिकटवलं. इनलेटशेजारी लेबल: २४० व्होल्ट, फ्यूज १ अँपिअर स्लो.