कळसूबाई: कातळ, सपाटी आणि शिड्या

पावसाळ्यातल्या रविवारी कळसूबाईला जाऊ नका. शिडीखाली रांगेत उभं राहायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. आम्ही डिसेंबरात, तेही आडवारी गेलो. कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे घोटीवरून भंडारदऱ्याच्या रस्त्याने पायथ्याचं गाव बारी. बारी अकोले तालुक्यातलं; डोंगराची उत्तरेकडची उतरण मात्र नाशिकच्या इगतपुरी तालुक्यात.

गाव सोडून शेतांतून वर सरकलं की चढ सुरू. माथा १६४६ मीटर, महाराष्ट्रात सगळ्यांत उंच. गावापासून आठ-नऊशे मीटर तरी चढायचं. रमतगमत तीन-साडेतीन तास. वाट इतकी मळलेली आहे की चुकायची सोय नाही.

मग बघायचं काय? दगड बघा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले. थराचा गाभा घट्ट असतो, तो कडा होऊन उभा राहतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी भोकाभोकांचा, तो लवकर झिजतो आणि तिथे सपाटी होते. भोकांत कुठे कुठे झिओलाइट या खनिजाचे पांढरे खडे चमकतात. म्हणून ही चढण सलग नाही. गवताची सपाटी, तिच्यावर लिंबू सरबताची टपरी, मग अंगावर येणारा कातळ, त्याला लोखंडी शिडी, पुन्हा सपाटी. लोक शिड्या मोजतात. मला तर थर मोजत जावंसं वाटलं.

भूवैज्ञानिकांनी सह्याद्रीतल्या या थरांचे जे उपगट पाडले, त्यांतल्या सगळ्यांत खालच्याला कळसूबाईचं नाव आहे. शिखर सर्वांत उंच, नाव मात्र तळाच्या थरांना! महाबळेश्वर १४३८ मीटरच, पण तिथला माथ्यावरचा दगड यांच्या नंतरचा. सगळी रासच दक्षिणेकडे अगदी किंचित कललेली आहे, त्यामुळे दक्षिणेला जावं तसे नंतरचे थर खालच्या उंचीवर भेटतात.

माथ्यावर देवीचं छोटं देऊळ, नवरात्रात इथे जत्रा भरते. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले. दक्षिणेच्या अंगाला भंडारदऱ्याचं पाणी. प्रवरेवरचं ते धरण १९२६ मध्ये पुरं झालं. त्यापलीकडे रतनगड, आणखी लांब हरिश्चंद्रगड. पूर्वेला औंढा-पट्टा. घाटाची मुख्य धार पश्चिमेला राहते, त्यामुळे या माथ्यावरचं पाणी कोकणात उतरत नाही. उत्तरेचं दारणेला, दक्षिणेचं प्रवरेला, आणि शेवटी दोन्ही गोदावरीत.

आलो तसेच बारीत उतरलो. उत्तरेला इंदोऱ्याचीही वाट आहे, गर्दी कमी, पण जाणार असाल तर गावातला माणूस बरोबर घ्या. परतीची गाडी आधीच ठरवलेली बरी. संध्याकाळी घोटीकडे जाणारी जीप मिळेलच असं नाही.