खोक्यावरचं ‘२ महिने’

अडीच महिने होतील या गोष्टीला, पण अजूनही काउंटरवर कुणी क्रीमचं रिकामं खोकं पुढं केलं की हात जरा थांबतोच माझा. डोक्यातून जात नाही म्हणून लिहून काढतोय.

सांगली जिल्ह्यात, द्राक्षपट्ट्यातल्या एका गावात माझं मेडिकल आहे, अठरा वर्षं झाली. लोकांना वाटतं मेडिकल म्हणजे चिठ्ठी बघायची आणि गोळ्या काढून द्यायच्या. चिठ्ठी आणणारे असतात निम्मे. बाकीचे फाटकी स्ट्रिप आणतात, त्यात नेमकं नाव फाटलेलं असतं आणि एक्सपायरी तेवढी शिल्लक असते, कुणी मोबाईलवर फोटो दाखवतं, कुणी नुसतं "ती गुलाबी, आपली नेहमीची" म्हणतं आणि ओळखायची आम्ही. आणि डॉक्टरचं अक्षर घरी कुणालाच लागत नाही म्हणून डोस आम्ही खोक्यावर मार्करनं लिहून देतो. सकाळ १, रात्र १, जेवणानंतर, ५ दिवस. गावातल्या किती घरांत फळीवर, टीव्हीमागं माझं अक्षर पडलेलं असेल देव जाणे.

तर हा पोरगा. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला, घरची दोन एकर बाग. दर वीस-पंचवीस दिवसांनी यायचा, तोंडाला कायम मास्क. कोविड जाऊन इतकी वर्षं झाली तरी मास्क, म्हणजे मला वाटायचं बागेत औषध मारून आला असेल. फोटो दाखवायचा, ट्यूब घ्यायचा, स्कॅन करून पैसे टाकायचा, गेला. संध्याकाळी सात ते नऊ जी झुंबड असते त्यात असं गिऱ्हाईक म्हणजे देवमाणूस वाटतं, खरं सांगतो. ना घासाघीस, ना "हे गरम पडेल का", काही नाही.

त्या दिवशी एप्रिलची दुपार, लाईट गेलेली, इन्व्हर्टरवर फक्त इन्सुलिनचा फ्रिज चालू. मी पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेलो, गिऱ्हाईक एकही नाही. हा आला आणि म्हणाला, "काका, तीच द्या, पण दोन द्या."

म्हटलं दोन कशाला?

"एक पुरत नाही आता. सकाळी पण लावायला लागते. नाही लावली की नुसती आग होतीया तोंडाची."

आग म्हटल्यावर मी पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं. मास्क काढ म्हटलं, तर नको नको करायला लागला, मागं वळून रस्त्यावर कोण आहे का बघितलं आणि मग एका कानाचा दोरा काढला.

गाल लालबुंद, आणि कातडी अशी चकचकीत ताणलेली की कांद्याच्या पापुद्र्यासारखी. नाकाच्या बाजूला बारीक लाल शिरा. जबड्यावर आणि कपाळावर बारीक पुळ्या, पण सगळ्या एका मापाच्या, जणू एकाच दिवशी पेरल्यात. साध्या मुरमात असं नसतं, तिथं एक मोठा, एक बारका, कुठं काळं टोक, कुठं पांढरं, असा मिसळ कारभार असतो. ह्याच्या तोंडावर काळं टोक शोधून सापडत नव्हतं. आणि गालावर लव वाढलेली, दाढीची नाही, डोळ्यांखाली जिथं केस यायचं कारणच नाही तिथं.

मी डॉक्टर नाही. पण हे बघून काय ते कळायला डॉक्टर असायची गरज नव्हती, कारण ट्यूबमध्ये काय असतं ते मला पाठ आहे. हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५, मोमेटासोन ०.१. हे वांगाचं, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळपट डागांचं औषध, आणि तेही थोडे दिवस, रात्री, पातळ थर. यातलं मोमेटासोन म्हणजे स्टिरॉइड. गंमत बघा, यातलं ट्रेटिनॉइन खरंतर मुरमाचंच औषध, त्यामुळं वरवर बघणाऱ्याला वाटतं बरोबरच आहे की. पण स्टिरॉइड काय करतं, सूज दाबतं, रक्तवाहिन्या आखडतं, चार दिवसांत चेहरा उजळ आणि मऊ, घरचे म्हणतात काय रे काय लावतोस. आत मुरूम जिथं तयार होतो तिथलं काम बंद झालेलं नसतंच. आणि महिनोन्महिने लावलं की स्टिरॉइड स्वतःच पुळ्या आणतं, कातडी पातळ करतं, आणि सोडलं की आग. म्हणून परत लावायचं. तंबाखूसारखंच.

किती दिवस लावतोस म्हटलं. चौदा महिने.

मग विचारलं कुणी सांगितली ही क्रीम, पार्लरवाल्यानं की रीलवर बघून? मनातल्या मनात मी आरोपी ठरवून मोकळा झालो होतो. त्यानं मोबाईलचं कव्हर काढलं, त्यात घडी घालून चपटं केलेलं एक खोकं होतं. पहिलं खोकं. म्हणाला दुकानात नाव नीट सांगता यायला पाहिजे म्हणून जपून ठेवलंय, फोटो पण ह्याचाच आहे.

त्यावर निळ्या मार्करनं लिहिलेलं: रात्री, पातळ, २ महिने. ‘पातळ’मधला ळ मी लिहितो तसा दुसरं कुणी लिहीत नाही.

ते खोकं त्याच्या वहिनीचं होतं. तिला वांग होते, सांगलीच्या स्किनच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती, मी दिली, बरोबर दिली, लिहिलंही बरोबर. तिनं दोन महिने लावून सोडून दिली. उरलेली ह्यानं लावली, चार दिवसांत मुरूम बसले, मग हा खोकं घेऊन आला आणि तेव्हापासून आम्ही देत राहिलो. आम्ही म्हणजे कधी काउंटरचा पोरगा, कधी मी. शेड्यूल एचचं औषध आहे, लेबलवर ठळक लिहिलंय चिठ्ठीशिवाय विकू नका. २०१८ ला सरकारनं चौदा स्टिरॉइड क्रीमांवर पुन्हा बडगा उगारला तेव्हा आमच्या मीटिंगमध्ये तासभर चर्चा झाली, चहा झाला, सगळे घरी गेले. बिलात डॉक्टरचं नाव टाकल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढं जात नाही, म्हणून डॉक्टरच्या रकान्यात एक ठरलेलं नाव आपोआप यायचं. कुणी बसवलं ते? मीच. गर्दीत वेळ जातो म्हणून.

"आणि हे दोन महिने लिहिलेलं बघितलं नाहीस?"

"बघितलं की. मला वाटलं एक ट्यूब दोन महिने जाती. माझी वीस दिवसांत संपायची, म्हटलं आपण लई लावतोय."

यावर काय बोलणार. मी पाणी पिऊन आलो.

दुपार रिकामी होती म्हणून, किंवा लाज वाटली म्हणून असेल, मी त्याला स्टुलावर बसवलं. आधी त्याला विचारलं मुरूम कशानं येतात असं तुला वाटतं. एका दमात यादी: पोट साफ होत नाही, उष्णता, शेंगदाणे, तोंड नीट धुतलं जात नाही. दिवसातून सहा वेळा साबणानं तोंड धुवायचा. आई म्हणायची लग्न झालं की जातील. टूथपेस्ट लावून झालेली, लिंबू लावून झालेलं.

म्हटलं, बाबा, तुमच्याकडं ठिबक आहे ना, नोजल चोक होतं तेव्हा बाहेरून फडक्यानं पुसून पाणी येतं का? नाही म्हणाला. तसंच आहे. केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, वयात आलं की हार्मोनमुळं ती जास्त तेल सोडते, वरच्या तोंडाशी मेलेली कातडी चिकटून बूच बसतं, मागं तेल तुंबतं, त्यात जंतू वाढतात, ते तसे सगळ्यांच्याच कातडीवर असतात, आणि मग सूज, पू. काळं टोक दिसतं ते मळ नाहीच, घासून जाणार नाही. तुमचं तोंड अस्वच्छ आहे म्हणून मुरूम येत नाहीत. हे वाक्य ऐकून त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला, चौदा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं असावं. शेंगदाण्याचं सोड, पण गोड खाणं, आणि जिमची व्हे पावडर यांचा काही जणांत संबंध दिसतो, आणि कपाळावर ओघळेपर्यंत खोबरेल थापायची सवय असेल तर ती आधी बंद कर.

पुढं त्यानंच विचारलं, मग नोजलला ॲसिड सोडतो तसं काही नाही का? आहे. ॲडापॅलीन, बेंझॉइल पेरॉक्साइड, ही त्या बुचावर आणि जंतूंवर काम करणारी. पण निकाल दिसायला आठ ते बारा आठवडे, आणि सुरुवातीला कातडी सुटते, कोरडी पडते, कधी मुरूम आधी वाढल्यासारखे वाटतात. इथंच सगळा घोळ आहे. बरोबर औषध दहा दिवसांनी त्रास देतं आणि चुकीचं औषध चार दिवसांत गोरं करतं. ॲडापॅलीन घेऊन गेलेली माणसं दुसऱ्या आठवड्यात ट्यूब परत करायला येतात, "रिॲक्शन आली" म्हणून. स्टिरॉइडची ट्यूब अठरा वर्षांत एकदाही परत आलेली नाही. मालाला परतावा नाही, एमआर, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, स्कीम देतो, दहावर दोन फ्री, दुकानदाराला अजून काय पाहिजे.

दोन नाही, एकही ट्यूब दिली नाही. सांगलीला स्किनच्या डॉक्टरकडं जा म्हटलं, सोमवारीच जा. तो गेला, एसटीनं. चिठ्ठी माझ्याकडंच आली: स्टिरॉइड पूर्ण बंद, डॉक्सिसायक्लिन १०० रोज एक, रात्री टॅक्रोलिमसचं मलम, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. डॉक्सी देताना मी दहा वेळा सांगितलं, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते, आणि या गोळीवर ऊन सोसत नाही. बागायतदाराच्या पोराला एप्रिलमध्ये ऊन टाळ म्हणायचं म्हणजे मलाच हसू आलं.

आठव्या दिवशी त्याची आई दुकानात. भर गर्दीत. "आधीची क्रीम चांगली होती, ती बंद केली आणि ह्या डॉक्टरनं पोराचं तोंड जाळलं बघा." फोटो दाखवला. खरंच वाईट होतं, सुजून डोळे बारीक, पू भरलेला. हे होणार हे डॉक्टरनी सांगितलं असणार, मीही सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि आरशात बघणं वेगळं. तिला म्हटलं वहिनी, जळलंय ते त्या आधीच्या क्रीमनं, आता फक्त दिसायला लागलंय. ती म्हणाली, "मग विकली कशाला?" रांगेतले सगळे माझ्याकडं बघायला लागले. एवढा सरळ प्रश्न मला ड्रग इन्स्पेक्टरनं कधी विचारला नाही.

चुकलं म्हटलं. ती काही न बोलता गेली. नंतर कळलं की पलीकडच्या चौकातल्या मेडिकलमधून तीच ट्यूब घेऊन गेली होती. तिथल्या पोरानं अर्ध्या मिनिटात दिली असणार, मी देत होतो तशी. पण पोरानं ती लावली नाही, हे त्याच्या वहिनीकडून कळलं, कपाटात तशीच आहे म्हणे.

तो मध्ये एकदा आला, खचलेला होता. म्हटलं एप्रिलमध्ये खरड छाटणी घेतली ना तुम्ही? दुसऱ्या दिवशी घड मोजायला जातोस काय बागेत? हसला जरा, मास्कच्या आतून. सहा आठवड्यांनी डॉक्टरनी ॲडापॅलीन ०.१ सुरू केलंय, एक दिवसाआड, रात्री, अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं, आणि डॉक्सी थांबवायची तारीख चिठ्ठीवरच घालून दिलीय. लाली उतरलीय म्हणतो. शिरा दिसतात अजून. मास्क अजून आहे आणि मी काढ म्हणत नाही. ते चपटं खोकं मात्र माझ्याकडंच राहिलंय, गल्ल्याच्या खाली.

सॉफ्टवेअरमधलं ते ठरलेलं नाव काढून टाकलं. आता चिठ्ठी नसली तर बिल अडतं आणि रोज दोन-तीन गिऱ्हाईकं पलीकडच्या चौकात जातात. बायको म्हणते धंदा करायला बसलायस की पाप धुवायला. आणि खोक्यावर नुसतं ‘२ महिने’ लिहायचं बंद केलं, आता लिहितो ‘२ महिन्यांनी बंद’.

परवा एक आजी पायाच्या खाजेचं मलम घेऊन परत आल्या. खोकं माझ्या तोंडासमोर धरून म्हणाल्या, "दोन महिन्यानं बंद का करायलायस रं मेडिकल? कुठं चाललायस?"