यकृत नेमकं काय ऐकतं? जनुक-अभिव्यक्ती मोजण्याचा माझा अनुभव

इन्सुलिन यकृताला एकाच वेळी दोन आज्ञा देतं. नवी साखर बनवणं थांबव, ही पहिली. आलेल्या साखरेची चरबी करून ठेव, ही दुसरी. टाइप 2 मधुमेहात यकृत पहिली आज्ञा मानत नाही, म्हणून उपाशीपोटीही रक्तातली साखर चढलेली राहते. इन्सुलिन ऐकूच येत नसेल, तर चरबी बनणंही मंदावायला हवं. पण ती बनतच राहते आणि यकृतात साचत जाते. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी 2008 मध्ये हा विरोधाभास अगदी नेमका मांडला. तो लेख वाचल्यापासून या प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही. पीएचडीला मी तोच घेतला.

साधन होतं जनुक-अभिव्यक्तीचं प्रोफाइलिंग. यकृताच्या छोट्या तुकड्यातला आरएनए, ज्यात जनुकांनी पाठवलेले संदेश असतात, तो काढायचा आणि 20 हजारांहून अधिक जनुकांपैकी कोणतं किती बोलतंय ते एकाच वेळी मोजायचं. चयापचय आणि हे तंत्र यांची सोबत जुनी आहे. 1997 मध्ये डीरिझी, अय्यर आणि पॅट्रिक ब्राउन यांनी यीस्टची जवळजवळ सगळी जनुकं मायक्रोअ‍ॅरेवर, म्हणजे हजारो जनुकांचे ठिपके बसवलेल्या काचपट्टीवर, तपासली, तेव्हा त्यांचा प्रश्न हाच होता की ग्लुकोज संपून पेशी अल्कोहोलवर जगायला लागते तेव्हा आत काय काय बदलतं. आता मायक्रोअ‍ॅरेची जागा बहुतेक ठिकाणी आरएनए सिक्वेन्सिंगने, म्हणजे आरएनएचे तुकडे थेट वाचून मोजण्याने, घेतली आहे. प्रश्नाची जात तीच राहिली.

प्रयोगाची आखणी घेऊन मी संख्याशास्त्राच्या सरांकडे गेले.

"सर, प्रत्येक गटात किती उंदीर घेऊ?"

"ते नंतर. तुला तुलना कशाशी करायची आहे?"

"स्थूल उंदरांची सडपातळ उंदरांशी."

"उपाशी की जेवलेल्या?"

या एका प्रश्नाने माझा सगळा प्रयोग बदलला. मला स्थूलपणाचा परिणाम पाहायचाच नव्हता. जेवल्यावर इन्सुलिन वाढतं, त्याला यकृत जो प्रतिसाद देतं तो स्थूलपणात बदलतो का, हे पाहायचं होतं. त्यासाठी दोन नव्हे, चार गट लागतात: दोन्ही आहारांचे उपाशी उंदीर आणि दोन्ही आहारांचे उपासानंतर खाऊ घातलेले उंदीर. मग मोजायचा तो फरकातला फरक. सडपातळ उंदरांत एखादं जनुक जेवल्यावर ठळकपणे बदललं आणि स्थूल उंदरांत तो बदल सांख्यिकीच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही, एवढ्यावरून दोघांत फरक आहे असं म्हणता येत नाही. तो फरक स्वतंत्रपणे तपासावा लागतो. छापील शोधनिबंधांतही ही गल्लत सर्रास दिसते.

वेळेचा मुद्दा तर त्याहून अवघड. यकृताला स्वतःचं घड्याळ असतं. दिवसाच्या प्रहरानुसार तिथल्या शेकडो जनुकांची पातळी वरखाली होते, हे 2002 पासून चांगलं माहीत आहे. उंदीर मुख्यतः रात्री खातो. पण चरबीयुक्त आहारावर ठेवलेले उंदीर दिवसाही खायला लागतात, हे 2007 मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे दोन्ही गटांचे नमुने घड्याळ लावून एकाच वेळी घेतले, तरी एका गटाचं पोट दुसऱ्यापेक्षा भरलेलं असू शकतं, आणि आपण जेवणाच्या फरकाला आजाराचा फरक समजून बसतो. म्हणून आम्ही सगळ्यांचा उपास एकाच वेळी सुरू केला, खाऊ घालायच्या गटांना तेवढ्याच तासांसाठी एकच खाणं दिलं, आणि दिवे लागल्यापासून किती तासांनी नमुना घेतला ते प्रत्येक उंदरापुढे लिहिलं. प्रत्येकाने किती ग्रॅम खाल्लं तेही तोलून ठेवलं.

आहाराचंही तसंच. चरबीयुक्त खाद्याची तुलना प्राणीगृहातल्या नेहमीच्या खुराकाशी करणं सोपं असतं, स्वस्तही पडतं. पण नेहमीचा खुराक धान्य-कडधान्यांचा, त्यात तंतू वेगळे, सोयाबीनमधली वनस्पतिजन्य संयुगं वेगळी. मग फरक चरबीचा की तंतूंचा, हे कधीच कळत नाही. आम्ही दोन्ही गटांना त्याच शुद्ध घटकांपासून बनवलेलं खाद्य दिलं: एकात 60 टक्के ऊर्जा चरबीतून, दुसऱ्यात 10 टक्के. यात आणखी एक मेख आहे. खाण्यात कर्बोदकं कमी आणि चरबी जास्त असली, की यकृताची स्वतः चरबी बनवणारी जनुकं मुळातच दबतात. म्हणून उपासानंतर दोन्ही गटांना तेच कर्बोदकयुक्त खाणं देणं भाग होतं. एरवी मला इन्सुलिनचं उत्तर मिळालं नसतं, ताटात काय होतं त्याचं मिळालं असतं.

प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठीच्या नीतिसमितीची मंजुरी यायला वेळ लागला. तो लागायलाच हवा. प्रत्येक जिवाची संख्या तिथे समजावून सांगावी लागते, आणि ते करताना आपला प्रश्न आपल्यालाच अधिक स्वच्छ दिसतो.

प्रयोगशाळेतल्या कामाबद्दल थोडक्यात सांगते. यकृत काढल्याबरोबर द्रव नायट्रोजनमध्ये, तिथून उणे 80 अंशांच्या फ्रीझरमध्ये. आरएनए काढायला घेताना प्रत्येक खेपेत चारही गटांचे नमुने मिसळून घ्यायचे. एका दिवशी सगळे स्थूल आणि दुसऱ्या दिवशी सगळे सडपातळ असं केलं, तर दिवसाचा फरक आणि आजाराचा फरक एकमेकांत असे गुंततात की कोणतंही सॉफ्टवेअर ते सोडवू शकत नाही. आरएनएची शाबूत अवस्था 1 ते 10 अशा आकड्यात मोजतात, त्याला आरआयएन म्हणतात. आम्ही 8 च्या वरचेच नमुने पुढे पाठवले. एकूण आरएनएत 80 टक्क्यांहून अधिक भाग रायबोसोमचा असतो आणि आपल्याला हवे असलेले संदेशवाहक रेणू जेमतेम काही टक्के, म्हणून त्यांच्या पॉली-ए शेपटीला धरून ते वेगळे काढले. सिक्वेन्सिंग बाहेरून करून घेतलं.

फाइली आल्या तेव्हा सगळ्यांना घाई होती की यादीत कोणती जनुकं आली. मार्गदर्शक मॅडमनी मात्र बजावलं, "आधी नमुने ओळखून घे, जनुकं नंतर." प्रत्येक नमुना नराचाच आहे ना, हे वाय गुणसूत्रावरच्या जनुकांवरून आणि माद्यांत बोलणाऱ्या झिस्ट या जनुकावरून तपासलं. मग सगळ्या नमुन्यांचं पीसीए चित्र, म्हणजे कोणते नमुने एकमेकांसारखे आहेत ते दाखवणारा नकाशा, काढलं. पहिल्या अक्षावर उपाशी आणि जेवलेले असे दोन स्वच्छ घोळके पडले, आणि आहाराचा फरक त्याखालच्या अक्षावर दिसला. कित्येक आठवड्यांच्या स्थूलपणापेक्षा काही तासांच्या जेवणाने यकृतातली जनुकं जास्त हलली होती! ते चित्र मी बराच वेळ पाहत बसले होते. जेवणाची नोंद नसलेले किती प्रयोग आजाराच्या नावावर खपले असतील, हा विचार तेव्हा मनात आला आणि आजही येतो.

जेवलेल्या गटातला एक उंदीर उपाशी घोळक्यात पडला होता. खाण्याची नोंद पाहिली, तर त्याने जवळपास काहीच खाल्लं नव्हतं. ठरावीक ग्रॅमपेक्षा कमी खाल्लेला प्राणी विश्लेषणात घ्यायचा नाही, हा नियम आम्ही प्रयोगाआधीच लिहून ठेवला होता, त्यामुळे त्याला वगळताना मनाला टोचणी लागली नाही. निकाल पाहून नियम बनवणं आणि नियम बनवून निकाल पाहणं यांत फार मोठं अंतर आहे.

पुढे आकडेमोड. यकृतात अल्ब्युमिनसारख्या मोजक्या जनुकांचे संदेश इतके असतात की एकूण वाचनांचा मोठा वाटा तेच व्यापतात. अशी दोन-चार जनुकं थोडी हलली की बाकीच्या सगळ्यांचा हिस्सा नुसत्या भागाकारामुळे बदललेला दिसतो. म्हणून एकूण बेरजेने भागण्याऐवजी, बहुसंख्य जनुकं स्थिर आहेत असं धरून मध्यकावर आधारलेली पद्धत वापरतात. डीईसेक2 हे सॉफ्टवेअर हेच करतं. मग कसोट्या. 20 हजार जनुकांना प्रत्येकी 0.05 ची, म्हणजे 5 टक्के चुकीचे होकार चालवून घेणारी, कसोटी लावली, तर कुठेही काहीही फरक नसताना साधारण 1,000 जनुकं नुसत्या योगायोगाने 'महत्त्वाची' ठरतील. बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांनी 1995 मध्ये दिलेली दुरुस्ती त्यासाठीच वापरतात.

दुरुस्तीनंतर यकृतात जेवणामुळे बदललेल्या जनुकांची लांबलचक यादी हाती आली. फरकातल्या फरकाची यादी मात्र अगदी तोकडी होती. इथे पुष्कळ जण खचतात. मला आधार मिळाला तो 2003 च्या एका कामाचा. वम्सी मूठा आणि सहकाऱ्यांनी मधुमेही आणि निरोगी पुरुषांच्या स्नायूंतली जनुकं मोजली, तेव्हा एकही जनुक एकट्याने कसोटीला उतरलं नाही. पण मायटोकॉन्ड्रियात ऑक्सिजनच्या साहाय्याने ऊर्जा तयार करणाऱ्या जनुकांचा संच एकत्र पाहिला, तर ती बहुतेक सगळी थोडी थोडी, साधारण 20 टक्क्यांनी, खाली होती. एकेका जनुकात हे दिसतच नाही. चयापचयाच्या आजारांचा स्वभावच असा आहे. कर्करोगात एखादं जनुक कित्येक पटींनी भडकलेलं सापडतं. इथे एकाच मार्गावरची पुष्कळ जनुकं जराजराशी एका बाजूला झुकतात.

आम्हीही संच म्हणून पाहिलं, आणि चित्र उलगडलं. सडपातळ उंदरांत जेवल्यावर साखर बनवणारी पीसीके1 आणि जी6पीसी ही जनुकं अपेक्षेप्रमाणे खाली गेली. स्थूल उंदरांत ती तेवढी उतरली नाहीत. चरबी बनवणाऱ्या मार्गातली जनुकं मात्र, फॅटी अ‍ॅसिड सिंथेजसकट, दोन्ही गटांत सारख्याच जोमाने वर चढली. इतकी वर्षं ज्या विरोधाभासाबद्दल वाचत होते, तो माझ्यासमोरच्या आलेखावर होता. त्या संध्याकाळी मी मॅडमना फोन केला, तेव्हा मला नीट बोलताही येत नव्हतं.

स्थूल यकृतांत दाहाशी संबंधित आणि मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींची जनुकंही वाढलेली होती. यावर मी मुद्दाम थांबते, कारण इथे फसगत ठरलेली असते. आपण पेशी मोजत नाही, तुकडा मोजतो. 2003 मध्ये चरबीच्या ऊतींच्या अशाच प्रोफाइलिंगमधून कळलं की स्थूलपणात तिथे मॅक्रोफेज गोळा होतात. सडपातळ प्राण्यांत त्यांचं प्रमाण 10 टक्क्यांच्या आत असतं, तर लेप्टिन हे भूक आवरणारं संप्रेरक नसलेल्या अतिस्थूल उंदरांत निम्म्याहून जास्त. म्हणजे चरबीपेशींचं वागणं बदललं असं वाटत होतं, त्यातला मोठा भाग नव्याने आलेल्या पेशींचा होता. आमच्या यकृतांचे छेद रंगवून पाहिल्यावर तिथेही मॅक्रोफेज जास्त दिसले. त्यामुळे ती जनुकं 'यकृतपेशीत वाढली' असं आम्ही कुठेही लिहिलं नाही.

पडताळणीसाठी क्यूपीसीआर केलं, म्हणजे निवडक जनुकं एकेक करून पुन्हा मोजली. त्यात स्थिर मानलं जाणारं एक संदर्भ-जनुक लागतं आणि हात सवयीने गॅपडीएचकडे जातो. पण गॅपडीएच हे ग्लुकोज विघटनाच्या मार्गातलंच एन्झाइम आहे, इन्सुलिनने त्याची पातळी हलते. चयापचयाच्या प्रयोगात तोच मापदंड धरला तर मापच सरकतं. आमच्या सिक्वेन्सिंगच्या माहितीतून चारही गटांत हललेली नाहीत अशी जनुकं शोधली आणि ती वापरली. एक छोटी सूचना इथेच देते: जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये उघडताना तो स्तंभ आधी 'टेक्स्ट' करून घ्या. सेप्टिन आणि मार्च कुळातल्या नावांच्या तारखा होतात. हा त्रास एवढा पसरला होता की 2020 मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने ती नावंच बदलली.

एवढं करूनही हाती काय आलं, तर संदेश. संदेश म्हणजे काम नव्हे, आणि चयापचयात हा भेद फार महत्त्वाचा आहे. चरबी बनवण्याच्या मार्गावरचं एसीसी हे एन्झाइम भरपूर बनलेलं असेल, पण एएमपीके या दुसऱ्या एन्झाइमने त्याला फॉस्फेट जोडला तर ते बंद पडतं, आणि आरएनएत त्याचा मागमूस नसतो. या मार्गाचा सूत्रधार एसआरईबीपी-1सी (हे एक प्रथिन) तर आधी पेशीतल्या पडद्यात अडकलेला असतो. त्याला गॉल्जी या पेशीतल्या दुसऱ्या भागात नेऊन कापलं जातं, तेव्हाच त्याचा तुकडा केंद्रकात शिरून कामाला लागतो. म्हणून आम्ही त्याच यकृतांच्या उरलेल्या भागात केंद्रकातलं एसआरईबीपी-1 वेस्टर्न ब्लॉट या प्रथिनं ओळखण्याच्या पद्धतीने पाहिलं. जेवलेल्या स्थूल उंदरांत ते होतं.

सगळी मूळ माहिती आम्ही सार्वजनिक साठ्यात जमा केली आहे. सोबतच्या तक्त्यात प्रत्येक उंदराची नमुन्याची वेळ, उपासाचे तास, खाल्लेलं खाणं, आरएनए कोणत्या खेपेत काढला ते आणि आरआयएन आहे. वगळलेल्या उंदराची फाइलही तिथेच आहे, वगळण्याच्या कारणासह. आता पुढचा प्रयोग सुरू आहे. उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात थोडं जड पाणी, म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम हा जड हायड्रोजन असलेलं पाणी, मिसळायचं आणि यकृतातल्या चरबीत किती ड्युटेरियम शिरलं ते मोजायचं. चरबीतला नेमका किती भाग यकृताने स्वतः बनवला आणि किती खाण्यातून किंवा शरीराच्या चरबीतून आला, हे त्यातून कळेल.