दोन अहवाल, एक देश

मानवी हक्कांचे मोजमाप करणाऱ्या संशोधकांसोबत काम करताना मला सर्वाधिक विचारात पाडले ते ‘पॉलिटिकल टेरर स्केल’ने. राजकीय तुरुंगवास, छळ आणि हत्या यांची तीव्रता १ ते ५ अशा श्रेणींत मांडणारी ही मोजपट्टी प्रामुख्याने ॲम्नेस्टी इंटरनॅशनल आणि अमेरिकी परराष्ट्र खाते यांच्या वार्षिक अहवालांवर उभी आहे. म्हणजे ज्या सरकारचे परराष्ट्र धोरण तपासायचे, त्याचाच दस्तऐवज पुरावा म्हणून हाती घ्यावा लागतो. दोन्ही स्रोतांवरून ठरलेल्या श्रेणी वेगवेगळ्या नोंदवल्या जातात, हे मला फार शहाणपणाचे वाटते, कारण मित्रराष्ट्राबाबत लेखणी कुठे मऊ झाली, याचा माग त्या तफावतीतूनच काढता येतो. एकच अहवाल दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे वाचून श्रेणी ठरवायची, ही पद्धत कंटाळवाणी खरी. ‘तुरळक’ आणि ‘अधूनमधून’ या दोन शब्दांवर आमची अख्खी दुपार गेली होती.