टेप गळ्यातच होती

ब्लाउज अर्ध्या इंचानं चुकला तर बाई दुकानात येऊन दहा मिनिटं ऐकवून जाते. तीस वर्षं हे ऐकून घेतेय मी. आणि स्वतःच्या गुडघ्यासाठी नी कॅप घ्यायला गेले तेव्हा मेडिकलवाल्याला काय म्हणाले? "दादा, मोठी साइज द्या." त्यानं काउंटरमागून मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एल काढून दिली. माप त्यानं घेतलं नाही, मीही घेतलं नाही. टेप माझ्या गळ्यातच होती.

झालं असं, की गेल्या लग्नसराईत उजवा गुडघा बोलायला लागला. दोन तास मशिनवर बसून उठलं की पहिली चार पावलं लंगडत. दुकानाच्या पोटमाळ्यावर कापडाचे गठ्ठे असतात. चढताना एवढं नाही, पण उतरताना वाटीच्या आत कुणीतरी सुई टोचतंय असं व्हायचं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडं निदान तयार होतं. एक म्हणाली वंगण संपलं, दुसरी म्हणाली वात, तिसरीनं मेथीचे लाडू आणून दिले. लाडू चांगले होते.

तर ती एल साइजची कॅप. सरळ नळी, मोज्यासारखी ओढून चढवायची. मला वाटलं, घट्ट बसतेय म्हणजे चांगला आधार देणार. दिवसभर घालून मशिनवर बसले. गुडघा वाकवला की मागच्या खळग्यात कापडाची गुंडाळी व्हायची आणि ती मांस चावायची. संध्याकाळी काढली तर वरच्या कडेचा वळ उमटलेला, पाऊल सुजलेलं, बोटांना मुंग्या. तरी दुसऱ्या दिवशी परत घातली. गिऱ्हाइकाला मी असं करू दिलं असतं का?

मग लेकानं ऑनलाइन मागवून दिली. "सगळ्यांना बसणारी एकच साइज." हे वाक्य वाचूनच मला कळायला हवं होतं. सगळ्यांना बसणारा ब्लाउज कुणी शिवलाय आजवर? आमच्या सांगलीतल्या विश्रामबागेतून गणपती पेठेत पोचेपर्यंत ती घोट्यावर पैंजणासारखी आली होती. का घसरते ते मात्र शिंपिणीला लगेच समजलं. माझी मांडी गुडघ्याच्या वर १९ इंच, वाटीवर साडेपंधरा, खाली पोटरीच्या सुरुवातीला १४. म्हणजे पायाला बाहीसारखा उतार आहे. उताराच्या अंगावर सरळ कापलेलं कापड चढवलं की ते रुंद बाजूकडून अरुंद बाजूकडं सरकणारच. चांगल्या कॅपचं कटिंग वर रुंद आणि खाली निमुळतं असतं. काही तर आधीच जराशा वाकलेल्या आकारात शिवलेल्या असतात, त्यामुळं मागं चुण्या पडत नाहीत. आता मी कॅप हातात घेतली की आधी शिलाई कुठून गेलीय ते बघते. गुडघ्याच्या मागून जाड शिलाई गेली असेल तर परत ठेवते.

तिसरा प्रकार शेजारच्या वहिनींनी दिला. त्यांचा पाय मोडला होता तेव्हाचा, मांडीपासून पोटरीपर्यंत लांब, आत पट्ट्या घातलेला. तो पाय वाकूच नये म्हणून असतो. तो बांधून मी मशिनवर बसले, पाय बंदुकीसारखा समोर. नातू हसून हसून लोळला.

शेवटी मिरजेला गेले. सांगलीची माणसं हाडाचं, दाताचं, कसलंही दुखणं घेऊन आधी मिरजच गाठतात. डॉक्टरांनी एक्स-रे उभा राहून काढायला लावला. झोपून काढला तर सांध्यावर भार नसतो, दोन हाडांमधली फट आहे त्यापेक्षा बरी दिसू शकते, म्हणून उभं राहायचं. माझी फट ठीक होती. दुखणं होतं वाटीच्या मागं. पाय वाकवून बसलं की वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते, आणि जिना उतरताना तो दाब आणखी वाढतो. मशिन आणि पोटमाळा, दोन्ही आलं त्यात. शिवाय वजनाचं सांगितलं : एक किलो उतरवलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा जवळजवळ चार किलो भार कमी होतो. मी मनात लाडवांचा हिशेब केला आणि गप्प बसले.

माप घेतलं ते तिथल्या फिजिओथेरपीच्या मुलीनं. वय असेल पंचवीस. टेप धरायची पद्धत चुकीची होती, पण प्रश्न बरोबर होते. कुठं दुखतं, एका बोटानं दाखवा. कधी दुखतं? पाय लचकतो का, दगा देतो का? अडकून बसतो का? तिचं म्हणणं, "काकू, साधी कॅप हाड धरून ठेवत नाही. ऊब देते, थोडा दाब देते, आणि गुडघ्याकडं तुमचं लक्ष राहतं, म्हणून पाऊल जपून पडतं. एवढंच." वाटीचं दुखणं म्हणून तिनं ओपन पटेला, म्हणजे वाटीवर उघडी असलेली कॅप सांगितली. समोर भोक असतं आणि भोकाभोवती गोल गादी. वाटी बरोबर त्या भोकात बसली पाहिजे. इकडंतिकडं झाली तर ती गादी नको तिथं दाबते.

मापाची खरी गंमत पुढं आहे. एका कंपनीच्या डब्यावर टेप वाटीच्या मधोमध धरलेली दाखवतात, दुसरीच्या डब्यावर वर मांडीवर. एकाच पायाला एकीची एम बसते, दुसरीची एल. म्हणून "मला एल लागते" याला काही अर्थ नाही. आधी डब्यावरचं चित्र बघायचं, मग त्याच जागेचं माप घ्यायचं. डब्यावर आकडे सेंटीमीटरमध्ये असतात, माझे साडेपंधरा इंच म्हणजे साधारण ३९. दुकानात घालून उठा, बसा, पायरी चढा-उतरा. कडेखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू दे, ट्रायलशिवाय मी तरी कुणाला ब्लाउज देत नाही.

कापडाचं माझं मत विचाराल तर निओप्रीन, म्हणजे ते रबरासारखं जाड कापड, ऊब छान धरतं, थंडीत बरं वाटतं, पण सांगलीच्या मे महिन्यात त्याच्या आत पाय शिजतो. मला घामोळं आलं. विणलेली कॅप हवा खेळू देते, मात्र काही महिन्यांत सैल पडते. दोन्ही गार पाण्यात हातानं धुवायच्या, पिळायच्या नाहीत, सावलीत वाळवायच्या. वेल्क्रो असेल तर बंद करून धुवा, नाहीतर घरातला सगळा दोरा-केस त्यात जमतो. गरम पाण्यानं इलॅस्टिक मरतं, हे पेटीकोट धुणाऱ्या बाईला मी काय सांगणार.

आता सासूबाई. माझी कॅप बघून त्याही म्हणाल्या, "मलाबी आण गं असली एक." मी तीच कॅप त्यांना चढवली, काही फरक नाही. पडणारच नव्हता. त्यांचं वय ७८, दुखतं गुडघ्याच्या आतल्या बाजूला, आणि पाय दोन्ही बाहेरच्या बाजूला कमानीसारखे वाकलेत. आतल्या बाजूची झीज झालीय, सगळा भार तिथंच पडतो. त्यांच्यासाठी डॉक्टरांनी वेगळा ब्रेस दाखवला : बाजूला बिजागरी आणि पट्टे असे, की गुडघ्याला तीन ठिकाणी रेटून आतल्या बाजूचा भार थोडा बाहेर ढकलायचा. अशा ब्रेसची किंमत हजारांत जाते, आणि तो अंदाजानं घ्यायचा नसतो, बसवून घ्यावा लागतो. किंमत ऐकून सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात म्हस येती." येत नाही, पण मुद्दा पोचला.

भाची फिजिओथेरपी शिकते, तिनं फोनवर वाचून दाखवलं. अमेरिकन कॉलेज ऑफ रूमेटॉलॉजी या सांधेदुखीच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात, झिजेच्या दुखण्यानं चालणं अवघड झालं असेल तर ब्रेस द्या. इंग्लंडच्या नाइस या संस्थेच्या २०२२ च्या सूचना म्हणतात, सरसकट देऊ नका. सांधा अस्थिर असेल किंवा भार वाकडा पडत असेल, ब्रेसशिवाय व्यायामाचा उपयोग होत नसेल आणि ब्रेसनं हालचाल सुधारेल असं वाटत असेल, तरच द्या. दोन शिंपी, दोन मापं. व्यायाम आणि वजन यावर मात्र दोघांचं एकमत. अमेरिकावाले काठीही जोरात सुचवतात.

सासूबाईंना काठी पटली. पण त्या दुखऱ्या पायाच्याच हातात धरायच्या. दुखरा पाय डावा असेल तर काठी उजव्या हातात, हे त्यांच्या गळी उतरवायला आठ दिवस गेले. ब्रेसचं आम्ही मधलं काढलं. डॉक्टरांना विचारून बाजूला बिजागरी असलेला साधा हिंज ब्रेस घेतला, बाजारात जाण्यापुरता. तो भार सरकवत नाही, पण पाऊल टाकताना त्यांना धीर येतो. पहिल्याच दिवशी वेल्क्रोनं नऊवारीचा काठ पकडला आणि धागे ओढले. त्या लुगड्यासाठी मी जे ऐकलं ते इथं लिहीत नाही. मग पट्ट्यांवरून घालायला जुन्या सुती कापडाचं सैल कव्हर शिवलं, आत चुणी नाही, वर नाडी नाही. त्यांना साखर आहे, पायाची जाणीव कमी झालीय, म्हणून ब्रेस काढला की रोज कातडी बघते. लाल डाग दिसला तर दुसऱ्या दिवशी सुट्टी.

माझी कॅप पोटमाळ्यावर जाताना आणि मंगळवारच्या खरेदीला. बाकी वेळ कपाटात, रात्री तर नाहीच. खरा फरक पडला तो व्यायामानं, हे कबूल करायला मला कंटाळा येतो. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून पाच आकडे दाबायचं, मग सोडायचं. पाय सरळ ठेवून वर उचलायचा. दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. दीड महिना झाला तेव्हा एक दिवस लक्षात आलं, की मी गठ्ठा घेऊन खाली आले आणि गुडघ्याची आठवणच झाली नाही. मशिनलाही आता मोटर बसवलीय, आणि दर अर्ध्या तासाला उठून दारापर्यंत जाते.

दुकानात हे पसरलं. परवा एक बाई ब्लाउजचं माप द्यायला आल्या आणि साडी वर करून गुडघाच पुढं केला. गुडघा टम्म सुजलेला, हाताला गरम लागला, आदल्या रात्री ताप होता म्हणाल्या. टेप लावलीच नाही, आजच्या आज डॉक्टरकडं जा म्हटलं. त्यांच्या सुनेला रिक्षा बघायला पाठवलं आणि ब्लाउजचं माप पुढच्या आठवड्यावर टाकलं.

बाकीच्यांची मापं घेते. मापाच्या वहीत शेवटची चार पानं त्यासाठी ठेवलीत : नाव, कोणता पाय, मांडी, वाटी, पोटरी. ते आकडे चिठ्ठीवर लिहून देते, मेडिकलमध्ये दाखवायला. आणि ती सगळ्यांना बसणारी कॅप कापून तिच्या इलॅस्टिकचा मनगटाचा पट्टा केला, वर कापसाची गादी शिवली. टाचण्या टोचायला फार सोयीची झालीय, अजिबात घसरत नाही.