मृगाआधी लोडर उतरवला: पिना, प्रेशर आणि काळी माती

शेणखत टाकून झालं. आता पेरणीला ट्रॅक्टर मोकळा हवा, म्हणून 50 एचपीच्या ट्रॅक्टरचा पुढचा लोडर (खत-माती उचलायची बकेट आणि तिचे आर्म) उतरवून ठेवलाय. वजन चार-पाचशे किलोच्या घरात. पण नुसत्या वजनापेक्षा जास्त घात करतात दोन गोष्टी: लोडर ट्रॅक्टरला धरणाऱ्या पिनेवर बसलेला भार आणि तेलाच्या होजमध्ये कोंडलेलं प्रेशर.

काळ्या रानात उतरवू नका. मे महिन्यात भेगाळलेली जमीन टणक वाटते. पहिल्या पावसानंतर स्टँडचा एक पाय जास्त खचतो, आर्म तिरका होतो आणि परत जोडताना भोकं जुळत नाहीत. मुरमाची दाबलेली जागा आणि दोन्ही स्टँडखाली दोन इंची बाभळीच्या फळ्या, एवढं हवंच. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावले. मागचं बॅलास्ट (तोल राखायला लावलेलं वजन) लोडर निघेपर्यंत हलवायचं नाही.

बकेट सपाट टेकवली, स्टँड पाडून लॉक केले. खरं काम इथून पुढे. लिव्हरने आर्म केसभर हलवायचा, इंजिन बंद करायचं, चावी खिशात, मग पिन बोटांनी फिरवून बघायची. फिरत नसेल तर परत लिव्हर. घणाशिवाय हलत नाही त्या पिनेवर बहुतेक वेळा भार असतो. ठोकून काढली तर सुटताक्षणी आर्म झटका देतो. डावी मोकळी आणि उजवी घट्ट असेल तर जागा तिरकी आहे, एका बाजूची फळी वाढवा. लिव्हरवर माणूस असताना पिनेजवळ कुणाचा हात नको. (बोल्टवर बसवलेल्या गावठी लोडरला ही पद्धत चालत नाही. तिथे आर्म चेन ब्लॉकला टांगूनच बोल्ट ढिले करावेत.)

पिना निघाल्यावर इंजिन चालू करून लोडरचे खांब ट्रॅक्टरवरच्या ब्रॅकेटच्या खाचेतून वर घेतले आणि परत बंद केलं. आता लिव्हर चारही दिशांना तीन-चार वेळा फिरवायचा, फ्लोट (आर्म मोकळा सोडणारी लिव्हरची जागा) असेल तर त्यातही टाकायचा, म्हणजे कोंडलेलं प्रेशर सुटतं. हे राहिलं तर कपलर (होज जोडायचा सांधा) आज कसाबसा निघतो, पण परत बसत नाही. चार होजना चार रंगांची टेप लावली, कपलर पुसून टोप्या घातल्या, होज आर्मवर बांधून ठेवले. ओंडके काढून ट्रॅक्टर सरळ मागे घेतला.

गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा फिरवा. प्रेशरने सुईएवढ्या छिद्रातून आलेलं तेल कातडीच्या आत शिरतं. जखम काटा टोचल्याएवढी दिसते, पण तासाभराचाही उशीर न करता मोठ्या दवाखान्यात न्यावं लागतं आणि ‘तेल आत गेलंय’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं लागतं.

लोडरचं तेल वळवणारा आमचा व्हॉल्व्ह ट्रॅक्टरवरच राहतो. ज्यांचा लोडरबरोबर निघतो, त्यांनी पंपाकडून येणारी आणि टाकीकडे जाणारी लाइन एकमेकींना जोडल्याशिवाय इंजिन चालू करू नये. तेलाला वाट नसली की रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडणारा) किंचाळतो, तेल तापतं, पंप जातो. रिलीफ त्या लाइनच्या पुढे असेल तर त्याहून वाईट.

ठेवणीत जास्त त्रास उन्हाचा. टोकं बंद असलेल्या पोलादी नळीत तेल 1 अंश तापलं तरी प्रेशर सुमारे 10 बारने चढतं. रबरी होज थोडा फुगतो म्हणून तिथे कमी, पण कपलर अडायला तेवढंही पुरतं. निपलवर (कपलरच्या टोकावर) हातोडी मारू नये. ओलं पोतं टाकून होज थंड होऊ द्यावा, नाहीतर सकाळी उन्हाआधी जोडावा. सिलिंडरचा उघडा रॉड ग्रीसने माखून ठेवलाय, कारण पावसाळ्यात क्रोमवर गंजाचा एक खड्डा पडला तरी तो सील कापतो.

आता बकेटच्या पिना काढून बुश (पिन ज्यात फिरते ती नळी) तपासायचे आहेत. उजवीकडची पिन एका बाजूने झिजलेली दिसतेय. भोक लांबट झालं असेल तर नुसती पिन बदलून भागणार नाही, बुशही नवा घालावा लागेल.